ताटीवाले

ताटीच्या आतल्या अंगाला ते उजव्या हाताची पालथी बाजू धरायचे आणि डोळे मिटायचे. अर्धं मिनिट तसेच उभे. मग तोच हात मागून स्वतःच्या मानेवर टेकवायचे, जरा विचार करायचे आणि म्हणायचे, "न्हाई. अजून न्हाई." पुन्हा बाहेर जाऊन वरून पाणी सोडायचे, पुन्हा आत येऊन हात. वर्गाबाहेर चाळीस पोरं दप्तरं घेऊन ताटकळलेली, मी हजेरीपट घेऊन उभा, आणि आत हा माणूस दाराची नाडी बघतोय. शेवटी एकदाचे म्हणत, "बराबर. आता बसू द्या पोरायला." त्यांनी असं म्हटल्याशिवाय उन्हाळ्यात आमच्या शाळेतला एकही वर्ग भरत नसे. हेडमास्तरांचा तासही त्याला अपवाद नव्हता.

ताटी म्हणजे काय, हे आता सांगावं लागेल. बांबूची दाराएवढी चौकट करायची, तिच्यात वाळ्याची मुळं सुतळीने गच्च बसवायची, ती पश्चिमेच्या दारात उभी करायची आणि तिच्यावर पाणी सोडत राहायचं. बाहेरचा कढत वारा ओल्या वाळ्यातून आत येताना गार होतो आणि खोलीभर ओल्या मातीसारखा वास पसरतो. आमची भोकरदनची शाळा निजामाच्या अमदानीतल्या जुन्या कचेरीत भरत असे. दगडी इमारत, उंच छत, मोठा हॉल आणि माळाकडे तोंड केलेली आठ उंच दारं. कुणा साहेबाने आपल्या कचेरीसाठी ही ताट्यांची सोय केली होती. साहेब गेला, निजाम गेला, कचेरी दुसरीकडे गेली. ताट्या राहिल्या आणि त्यांच्यावर पाणी घालणारे हे राहिले. त्यांच्या आधी हे काम त्यांच्या वडिलांकडे होतं.

मी भूगोलाचा मास्तर म्हणून तिथे रुजू झालो तेव्हा पंचविशीचा होतो आणि ते पन्नाशीला आलेले. शाळेच्या शिपायाला आम्ही सगळे 'मामा' म्हणायचो, अहो-जाहो करायचो. यांना मात्र 'ताटीवाले' म्हणायचो आणि बहुतेक जण अरे-तुरे करायचे. मीही केलं आहे. आज लिहिताना तसं लिहवत नाही, पण तेव्हा जीभ अडखळली नव्हती हे सांगून टाकलेलं बरं.

ते बौद्ध होते. गावाबाहेर अर्ध्या मैलावर त्यांची वस्ती होती आणि वस्तीची स्वतःची विहीर होती. दीक्षा घेतली तेव्हाच घरातला देव्हारा त्यांनी आपल्या हातांनी उचलून नदीत सोडला होता. ताट्यांसाठीचं पाणी ते शाळेमागच्या आडातून काढत. ते पाणी मचूळ होतं, कोणी प्यायचं नाही. पिण्याच्या पाण्याचे चार रांजण व्हरांड्यात होते आणि ते मामा भरत. मुलांना लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी वाढायचं कामही मामांचंच. ज्या पाण्याला कोणी तोंड लावत नव्हतं ते ताटीवाल्यांच्या हातात होतं आणि ज्याला लावत होतं ते मामांच्या. अशी वाटणी कोणी केली, केव्हा केली, हे मी कधी विचारलं नाही. मी आष्टीकडच्या जमीनजुमला असलेल्या घरातला. असल्या वाटण्या आमच्या घरात मी लहानपणापासून बघत आलो होतो.

कामाला मात्र माणूस विलक्षण चोख. माघात ते केळना नदीच्या काठाने वाळा खणत हिंडायचे. मुळं धुऊन, सावलीत वाळवून, बोटांनी विंचरून चौकटीत बसवायचे. एका जागी जास्त दाटी झाली तर सगळी ताटी उसवून पुन्हा बांधायचे. पाणी घालायला त्यांच्याकडे तुपाचा रिकामा डबा होता, त्याला खाली खिळ्याने भोकं पाडलेली. पाणी जास्त झालं तर दमट होतं आणि पोरं पेंगतात, कमी झालं तर झळ येते, हे त्यांचं शास्त्र. समोरच्या कोणत्या खिडक्या उघडायच्या आणि कोणत्या लावायच्या, हेही तेच ठरवायचे. एकदा मी आपल्या अकलेने एक खिडकी उघडली, तर बाहेरून आवाज आला, "गुरुजी, ती नगं. वारं तिकूनच पळून जाईल."

दिवसभर ताटीच्या पलीकडे असल्यामुळे त्यांना सगळे वर्ग ऐकू येत. आम्हाला ते दिसत नसत. मी एकदा आठवीला मोसमी वारे शिकवले आणि तास संपवून बाहेर आलो, तर डबा खाली ठेवून म्हणाले, "गुरुजी, काल दुसऱ्या तुकडीला तुम्ही उलटं सांगितलं व्हतं." मी चिडलो. खोलीत जाऊन पुस्तक काढून बघितलं. कालच्या तुकडीला मी खरोखरच उलटं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या वर्गात जाऊन दुरुस्त केलं, आणि ताटीपलीकडे पाणी पडायचा आवाज मधेच थांबला होता एवढं मला ऐकू आलं. तेव्हापासून मी तयारी करून शिकवू लागलो. ट्रेनिंग कॉलेजने जे केलं नाही ते त्या माणसाने केलं.

संस्कृतचे श्लोक त्यांना पाठ झाले होते, इंग्रजीतली दोन-चार वाक्यं तोंडावर होती. लिहायला-वाचायला ते वस्तीतल्या रात्रीच्या वर्गात मोठेपणी शिकले होते. अक्षर मोठं, ठसठशीत, प्रत्येक ओळीला शेवटी आडवी रेघ.

दुष्काळाच्या साली आडात हातभर पाणी उरलं होतं. एक मोठे साहेब शाळा बघायला येणार होते आणि हेडमास्तरांना आपल्या खोलीची ताटी भिजलेली हवी होती. ताटीवाल्यांनी गंभीर चेहऱ्याने आड आटल्याचं सांगितलं. साहेब घाम पुसत आले, घाम पुसत गेले. संध्याकाळी मी मागे गेलो, तर ते त्याच आडातलं पाणी काढून माळावरच्या दोन हाडं निघालेल्या गाईंना पाजत होते. मला बघून दचकले नाहीत. "साहेबाला पंखा हाय घरी," एवढंच म्हणाले. मी कोणाला बोललो नाही. त्यांच्या बाजूने मी गप्प राहिलो, असा हा एकच प्रसंग.

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली आणि शाळेला विजेचे पंखे मंजूर झाले. काय आनंद झाला होता आम्हाला! ताट्यांच्या चौकटी कुजत आल्या होत्या, दरवर्षी वाळा कमी मिळत होता, पाणी झिरपून उंबरे झिजले होते. आता बटन दाबलं की वारा. कामावर देखरेख करायला हेडमास्तरांनी मला नेमलं, कारण मी तरुण होतो आणि विज्ञानाचं थोडंफार बोलत असे. मीही मनावर घेतलं. पंखे येणार, मग पश्चिमेच्या दारांचं काय काम? त्यातून धूळ येते, पोरं पळून जातात. आठही दारं विटांनी बुजवायची आणि आतून त्या भिंतीवर फळे लावायचे, ही कल्पना माझी. मागचा आड उघडा, धोक्याचा, तोही बुजवून टाकायचा, ही कल्पनाही माझीच. दोन्ही कागदांवर माझी सही आहे.

ताटीवाल्यांनी एकदाच विरोध केला. गवंडी पहिल्या दारात विटा रचत असताना माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"गुरुजी, पंखा वारं पैदा करून राह्यला का? हाय तेच फिरवून राह्यला. दारं ठिवा."

मी त्यांना हवेच्या अभिसरणावर एक लहानसं व्याख्यान दिलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि "बराबर" म्हणून निघून गेले. त्या 'बराबर'चा अर्थ कळायला मला एप्रिल यावा लागला.

तोवर त्यांच्या नोकरीचा प्रश्न उभा राहिला होता. ताट्या गेल्या की ताटीवाल्यांचं काम संपलं. त्याच सुमारास मामांचं निवृत्तीचं वय झालं आणि त्यांची जागा रिकामी होणार होती. एका संध्याकाळी ताटीवाले माझ्या खोलीवर आले. दाराबाहेर उभे राहूनच त्यांनी अर्ज पुढे केला. ठसठशीत अक्षर, प्रत्येक ओळीला शेवटी आडवी रेघ. मामांच्या जागी नेमणूक व्हावी, अशी विनंती होती.

"तुम्ही शब्द टाका, गुरुजी," ते म्हणाले. "इतकी वर्सं दारायला पाणी पाजून राह्यलो. आता लेकरायला पाजू द्या."

नोकरी हवी हे तर होतंच, पण त्यांना नुसती नोकरी नको होती. जालन्याला त्यांचा मुलगा सरकी काढण्याच्या गिरणीत होता आणि बापाला तिकडे बोलावत होता. पोटाचा प्रश्न कसाही सुटला असता. त्यांना हवी होती ती व्हरांड्यातली जागा, ते ओगराळं आणि ओंजळ धरून समोर उभी राहिलेली गावातली पोरं. कोणाचीही पोरं. हे मला त्या संध्याकाळी नीट समजलं होतं. समजलं नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

शिक्षकांच्या बैठकीत अर्ज निघाला. कायद्याने कोणाला काही म्हणता येत नव्हतं आणि कोणी काही म्हणालंही नाही. नाही हा शब्द त्या खोलीत उच्चारला गेला नाही. हेडमास्तर भले गृहस्थ होते, पण गावाला भ्यायचे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. तरुण आहे, काहीतरी बोलेल, अशी त्यांना आशा असावी. कदाचित मी बोललो असतो तर त्यांनाही धीर आला असता. मी म्हणालो, माझी स्वतःची काही हरकत नाही, पण पालकांचं बघावं लागेल, घाई नको, यंदा मामांनाच एक वर्ष वाढवून घेऊ, पुढच्या वर्षी पाहू. सगळ्यांच्या माना एकदम हलल्या. किती शहाणपणाचं बोललो, असं मलाही वाटलं.

ताटीवाल्यांना निरोप मीच दिला. पुढच्या वर्षी पाहू म्हणाले सगळे, असं सांगितलं. 'सगळे' म्हणालो, 'मी' म्हणालो नाही. त्यांनी विचारलं, पाहू म्हंजी कवा? मी हसून विषय बदलला.

दिवाळीनंतर पंख्यांचं उद्घाटन झालं. नारळ फुटला, बटन दाबलं, पंखे फिरले आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. थंडीचे दिवस होते, त्यामुळे दहा मिनिटांत सगळे कुडकुडायला लागले आणि पंखे बंद करावे लागले. जुन्या ताट्या जाळायला काढल्या होत्या. ताटीवाले त्यातल्या चांगल्या दोन निवडून डोक्यावर घेऊन घरी गेले. दुसऱ्या दिवसापासून ते शाळेत आले नाहीत. निरोप समारंभ मामांचा व्हायचा होता, तो पुढच्या वर्षी गेला. यांचा करायचा असतो हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

मग एप्रिल आला. शालान्त परीक्षेचं केंद्र आमच्या शाळेत असे. खेड्यापाड्यांतून पोरं एसटीने येत, कोणी पहाटे चालत निघालेली असत. त्या दिवशी दुपारचा गणिताचा पेपर होता. हॉलमध्ये शंभरावर पोरं बसलेली. पंखे फिरत होते, पण विजेचा दाब इतका कमी की पाती मोजता यावीत. जे फिरत होतं ते गरमच होतं. छत तापलेलं, पश्चिमेची भिंत तापलेली, दारं बुजलेली. पेपर वाटून पाव तास झाला नाही तोच वीज गेली.

त्या हॉलची काय अवस्था झाली हे मी विसरलेलो नाही. पोरांच्या कोपरांखाली उत्तरपत्रिका भिजून चिकटत होत्या, शाई फुटत होती. दुसऱ्या रांगेतली एक मुलगी बाकावरून सरळ खाली आली. तिला उचलून व्हरांड्यात आणलं, मामांनी तोंडावर पाणी मारलं, तेव्हा तिने डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं असेल तर पेपर किती वाजता संपतो. हेडमास्तर येरझारा घालत होते. मी समोरच्या खिडक्या उघडून बघितल्या, वारा यायला दुसरीकडे वाटच नव्हती. माझं अभिसरण माझ्या पुढ्यात उभं होतं.

तेवढ्यात माळाच्या बाजूने ताटीवाले येताना दिसले. डोक्यावर एकावर एक दोन ताट्या, खांद्यावर पहार, हातात कावड आणि दोन डबे. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. वीज गेल्याचं त्यांना वस्तीवर कळलं असावं, बाकीचं त्यांना दारं बुजवली तेव्हापासूनच माहीत होतं.

"येक दार फोडू का, साहेब?" त्यांनी हेडमास्तरांना विचारलं.

सरकारी भिंत आहे, हेडमास्तर पुटपुटले. मी म्हणालो, "फोडा. सही माझी आहे." ते ऐकून हेडमास्तरांनी मान हलवली. त्या दिवसातलं माझं एवढंच काय ते धैर्याचं वाक्य, आणि त्याचा मला पुढे कितीतरी दिवस अभिमान वाटत होता.

विटा मातीत रचलेल्या होत्या, त्यामुळे पाव-अर्ध्या तासात दोन दारं मोकळी झाली. आवाजाने पोरं दचकली, मग खाली मान घालून लिहीत राहिली. ताट्या उभ्या राहिल्या. आता पाणी. ताटीवाले मागे गेले. आडाच्या जागी मुरूम दाबून केलेली सपाट जमीन होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग वळून व्हरांड्याकडे बघितलं. तिथे चार रांजण ओळीने उभे होते. परीक्षेला बाहेरची पोरं येणार म्हणून मामांनी सकाळीच काठोकाठ भरलेले. फोडलेल्या दारापासून तिथवर फार तर पंधरा पावलं.

त्यांनी कावड उचलली, डबे अडकवले आणि ते आपल्या वस्तीच्या विहिरीकडे चालू लागले.

अर्धा मैल जायचं, पाणी शेंदायचं, भरलेले डबे घेऊन अर्धा मैल यायचं. वर चैत्राचं ऊन. पहिली खेप आली, ताट्या भिजल्या आणि माळावरचा वारा आत शिरला. हॉलमधली शंभर डोकी एकदम वर झाल्याचं मी बघितलं. मग दुसरी खेप. मग तिसरी. प्रत्येक खेपेला ते व्हरांड्यासमोरून जायचे, त्यांच्या टाचांमागे पाण्याचे थेंब पडत जायचे आणि लगेच वाळायचे. मी मनात म्हणत होतो, काय माणूस आहे! डोळे भरून आले होते माझे. घसा सुकला म्हणून मी रांजणाजवळ गेलो, मामांनी ओगराळ्याने ओंजळीत पाणी ओतलं आणि मी पोटभर प्यालो. ते तेव्हा समोरूनच चालले होते.

पाच खेपा झाल्या. पेपर सुटला. ती बेशुद्ध पडलेली मुलगीसुद्धा शेवटपर्यंत लिहीत होती. हेडमास्तरांनी ताटीवाल्यांचे आभार मानले. त्यांनी ताट्या काढून भिंतीला टेकवल्या आणि ते कावड घेऊन निघून गेले.

सहा वाजून गेल्यावर मामा रोजच्या रिवाजाप्रमाणे रांजण रिते करायला लागले. शिळं पाणी दुसऱ्या दिवशी ठेवायचं नाही, असा त्यांचा नियम होता. दोन रांजण पुरे भरलेले होते. मामांनी ते कलंडवले आणि सगळं पाणी व्हरांड्याखालच्या लिंबाच्या आळ्यात गेलं. मी पायरीवर बसून बघत होतो. तेव्हा माझ्या लक्षात आलं. खरं सांगतो, तोवर आलं नव्हतं. हॉलमध्ये पर्यवेक्षक होते, हेडमास्तर होते, मामा होते, मी होतो. त्या तीन तासांत एकाच्याही तोंडातून आलं नाही की अहो, हे इथलं घ्या. आम्ही काही ठरवून गप्प बसलो नव्हतो. आम्हाला ते सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी हेडमास्तरांकडे गेलो आणि या खेपेला 'पाहू' म्हणालो नाही. भांडलोच. त्यांनीही फारसं ताणलं नाही, त्यांनाही कुठेतरी लागलेलं होतं. जिल्हा परिषदेकडे कागद गेला. मी स्वतः दोनदा एसटीने जाऊन टेबलाटेबलावर तो पुढे सरकवून घेतला. मामांना मोकळं करून त्यांच्या जागी ताटीवाल्यांची नेमणूक झाल्याचा हुकूम मे महिन्याच्या शेवटी हातात पडला. तो खिशात घालून मी भर दुपारी वस्तीवर गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गेलो. मला वाटत होतं, आपण काहीतरी परत द्यायला चाललो आहोत.

घर स्वच्छ सारवलेलं. त्यांनी सतरंजी टाकली, मी बसलो. त्यांच्या पत्नी आतल्या उंबऱ्याशी उभ्या होत्या. त्यांच्या पायाशी एक तांब्या होता आणि त्यावर पेला पालथा घातलेला. मी हुकूम पुढे केला. त्यांनी तो उलगडून सावकाश, ओठ हलवत, पूर्ण वाचला. पुन्हा घडी घातली आणि आमच्या मधे सतरंजीवर ठेवला.

"नगं, गुरुजी. म्या पोराकडं जालन्याला जाऊन राह्यलो."

मी समजावायला लागलो. आता कोणी आडवं येणार नाही, हुकूम पक्का आहे, असं काहीबाही. त्यांनी मला मधे तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "त्या दिशी तुम्ही व्हरांड्यात हुभे व्हते."

"हो."

"पाणी पेत व्हते."

मी मान खाली घातली.

"पयल्या खेपेला वाटलं, म्हनतील. मंग वाटलं, कामात हायेत, दुसऱ्या खेपेला म्हनतील. तिसऱ्या खेपेला मुद्दाम धीमा चाललो, गुरुजी. मंग इचार करायचं सोडून देलं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "म्या मागणार न्हवतो. मला फकस्त पाह्यचं व्हतं, कोनी म्हनतं का."

माझी चूक झाली, असं म्हणालो. बैठकीत 'पाहू' म्हणणारा मीच होतो, तेही सांगितलं. ते त्यांना माहीत होतं. मग मी तिथेच बसून राहिलो. कितीतरी वेळ बसलो. बाहेर ऊन रणरणत होतं, माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. त्यांच्या पत्नींनी एकदा त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी काही खूण केली नाही. मी दोनदा तांब्याकडे बघितलं. शेवटी उठलो, नमस्कार केला आणि निघालो. दारापर्यंत ते सोडायला आले. हुकुमाचा कागद त्यांनी माझ्या हातात परत दिला.

अर्धी वाट आलो आणि मनात कुरकुर सुरू झाली. उन्हातून आलेल्या माणसाला आपल्याकडे आधी पाणी विचारतात. वैऱ्यालाही विचारतात. एवढं चुकलं होतं आपलं, की घोटभर पाणीही विचारू नये? मी रागावलोसुद्धा, थोडा वेळ. शाळेपाशी पोचलो, व्हरांड्यात सुट्टीमुळे रांजण पालथे पडले होते, आणि एकाएकी माझे पाय जागच्या जागी थांबले. तांब्या भरून उंबऱ्याशी ठेवलेला होता. माझ्यासाठीच ठेवलेला होता. तो पुढे करून मला पेचात टाकायचं नाही, एवढी माणुसकी त्यांनी राखली होती. तहान मला लागली होती. जीभ माझ्या तोंडात होती. पाणी द्या, हे दोन शब्द मी म्हणायचे होते, आणि मी पुन्हा एकदा तिथे बसून राहिलो होतो.

तिथूनच मागे फिरायला हवं होतं. फिरलो नाही. ऊन आहे म्हणालो, संध्याकाळी जाऊ म्हणालो, संध्याकाळी लाज वाटली. सकाळी गेलो. झपाझप गेलो, मुद्दाम काही न पिता गेलो. जालन्याला जायचं सामान बांधत असतानाच त्यांना गाठेन, दारातच म्हणेन, आधी पाणी द्या, मग बोलू, असं घोकत गेलो.

दाराला कुलूप होतं. शेजारच्या म्हाताऱ्याने सांगितलं, पहाटेच्या जालना गाडीने गेले. मी ओट्यावर टेकलो. म्हाताऱ्याने माझ्याकडे नीट बघितलं, कसं काय आलते गुरुजी, काही काम व्हतं का, असं विचारलं.

मी म्हणालो, "पाणी प्यायला आलो होतो."